सोम्ब्रेरो शिकताना: ६ जोड्या, ३६ चौकोन

५ जानेवारी २०२५, रविवार

जूनपासून आम्ही रुएदा हा नाच शिकून राहिलो, म्हणजे सात महिने झाले, पण कुठली अडचण कशी सुटली हे कुणी लिहूनच ठेवलं नाही, त्यामुळे तीच तीच चूक दर महिन्याला नव्याने भेटते. म्हणून आजपासून नोंदी. वही माझी आहे पण ग्रुपवर फोटो टाकत जाईन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रुएदा म्हणजे चाक. सगळ्या जोड्या गोलात उभ्या राहून एकाच वेळी सालसाची एकच फिगर करतात, मधला एक जण ओरडून फिगरचं नाव सांगतो आणि ‘दामे’ म्हटलं की प्रत्येक लीडर, म्हणजे जोडीत दिशा देणारा, हातातली पार्टनर सोडून उजवीकडच्या पुढच्या पार्टनरकडे जातो. फॉलोअर आपल्या जागी, लीडर पुढे पुढे. हे सुरू झालं क्युबात, हवानाच्या कासिनो देपोर्तिवो नावाच्या क्लबात, १९५० च्या दशकाच्या शेवटाकडे, म्हणून पूर्ण नाव रुएदा दे कासिनो. आपल्याकडे भुलाबाईत किंवा दांडियात गोल धरलेल्या बाईला यातलं निम्मं आधीच कळतं असं माझं मत आहे, जोडीदार बदलला तरी ताल सोडायचा नाही ही सवय अंगात असते.

आम्ही १२ जण. नागपुरात लक्ष्मीनगरातल्या एका सोसायटीचा हॉल, बुधवारी संध्याकाळी ७ आणि रविवारी सकाळी ८. लीडर ६, त्यात पुरुष चारच, म्हणून मी आणि बँकेतल्या ताई लीडर झालो. मी आधी नाइलाजाने झाले होते, आता कुणी फॉलोअर हो म्हटलं तर नाही होणार. फॉलोअरमध्ये खामल्याच्या काकू (वय ६१), माझी जाऊ, फिजिओथेरपी करणाऱ्या वहिनी, माझ्या शाळेतली मैत्रीण आणि कॉलेजच्या दोघी.

टार्गेट: २ मार्चच्या रविवारी एक पूर्ण गाणं, मध्ये न थांबता, आणि त्यात सोम्ब्रेरो ही फिगर.

आज शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्यांदा करून दाखवला. आतापर्यंतच्या फिगरमध्ये बहुतेक एकच हात धरलेला असायचा, यात दोन्ही हात, तेही फुलीसारखे, माझा उजवा तिच्या उजव्यात, डावा डाव्यात. ती माझ्या डावीकडून समोरून फिरत उजवीकडे येते आणि शेवटी दोन्ही हात दोघांच्या डोक्यावरून मागे जातात, जशी टोपी घालावी तसे. सोम्ब्रेरो म्हणजे टोपीच. बघताना इतकं सुंदर दिसलं की कुणीच काही बोललं नाही. मग आम्ही करून पाहिलं आणि सहा जोड्यांच्या सहा गाठी झाल्या.

८ जानेवारी, बुधवार

आजचा पूर्ण तास फक्त हातावर.

गाठ का बसते ते घरी शोधून काढलं होतं. एक लाल ओढणी, एक हिरवी. लालचं एक टोक माझ्या उजव्या हातात आणि दुसरं लेकीच्या उजव्या हातात, हिरवी तशीच डाव्या-डाव्यात. लाल वर ठेवून लेकीला उजवीकडे पूर्ण गोल फिरवलं, दोन्ही ओढण्या डोक्यावरून गेल्या आणि शेवटी हिरवी वर आली, एवढंच, बाकी सगळं मोकळं. मग हिरवी वर ठेवून त्याच बाजूला फिरवलं तर ओढण्यांना वेणीसारखा पीळ बसला आणि लेक म्हणाली आई सोड.

म्हणजे नियम एकच: उजवे हात वर, डावे खाली, आणि ती उजवीकडे फिरते. सुरुवातीलाच डावा वर गेला तर पुढे कितीही चांगलं नाचा, हात अडकणारच. हॉलमध्ये ओढण्या घेऊन गेले, सगळ्यांनी करून पाहिलं, बँकेतल्या ताई म्हणाल्या, “आता कळलं बाप्पा, मी रविवारी ताकद लावून राहिली होती.”

हाताची अदलाबदल कधी करायची तेही लिहिते. ग्वापेआत, म्हणजे आमच्या साध्या मागे-पुढेच्या स्टेपमध्ये, माझ्या डाव्या हातात तिचा उजवा असतो. १-२-३ ला मागे जाताना तो तिचा उजवा हात माझ्या उजव्यात द्यायचा, ५-६-७ ला पुढे येताना खालून डावा डाव्यात घ्यायचा. ४ आणि ८ ला पाऊल नसतं, तिथे घाई करून हात शोधत बसायचं नाही, हात आधीच मिळालेला असला पाहिजे.

१२ जानेवारी, रविवार

थंडी चांगलीच आहे, सकाळी आठला फरशी इतकी गार की दोघी-तिघी मोजे घालून आल्या आणि मोज्यांवर पाय सरकतात, मॅडमनी बूट घालायला लावले.

हात जमले. आता वेळ.

सालसाची गाणी साधारण मिनिटाला १५० ते २५० बीटची असतात. आम्ही सध्या १५० वाल्यावर करतो, म्हणजे आठची एक मोजणी ३.२ सेकंदात संपते. त्यातलं पहिलं अर्ध, ज्यात ती वळायला लागते, ते १.६ सेकंद. १८० चं गाणं लावलं की आठची मोजणीच पावणेतीन सेकंदाच्या आत. एवढ्या वेळात “आधी उजवा वर, मग डावा” असं मनात वाक्य म्हणता येत नाही, ते हातालाच माहीत असावं लागतं, जसं पोळी उलटायची केव्हा ते हाताला माहीत असतं.

आज तीनदा मोजलं, आमच्या सगळ्या लीडरची एकच चूक होऊन राहिली, १ ला आपण जागेवरच उभे राहतो आणि हाताने तिला ओढतो. १ ला माझा डावा पाय मागे गेला पाहिजे. मी मागे गेले की समोर रस्ता तयार होतो आणि ती त्या रस्त्याने चालत येते, हात फक्त दिशा सांगतो. मॅडमनी मला दोन्ही हात सोडायला लावले आणि म्हणाल्या फक्त पायाने बोलवा तिला. जाऊबाई समोर होत्या. मी मागे गेले, त्या आल्या. हात नव्हतेच.

घरी जाऊन ओट्यासमोर ५० वेळा फक्त तो मागचा पाय केला.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत झाली, आज सगळे तिळगूळ घेऊन आले, अर्ध्या जणी हळदीकुंकवाहून थेट आल्या, साडी, गजरा, हातभर काचेच्या बांगड्या.

आणि तेच झालं. माझा उजवा हात मैत्रिणीच्या डोक्यावरून मागे जात होता, तिची हिरवी बांगडी माझ्या घड्याळाच्या पट्ट्यात अडकली आणि फुटली, काच माझ्या तर्जनीत. रक्त थोडंच आलं, पण ती पांढरी पडली. मी म्हटलं अगं काही नाही, एक बांगडी फुटली. तर काकूंनी तिथूनच हटकलं, “फुटली काऊन म्हणतेस, वाढली म्हणावं.” मग त्याच बसल्या आणि वाकून फरशीवरून काचेचा एकेक कण ओल्या रुमालाने टिपला, मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून, कारण काच तिरप्या उजेडात चमकते. बाकीचे सगळे बूट काढून भिंतीला उभे. दहा मिनिटं गेली पण ती दहा मिनिटं मला पूर्ण योग्य वाटली.

आजपासून नियम: काचेच्या बांगड्या, घड्याळ, कडं, मोठी अंगठी काढून हॉलच्या कपाटात. केसाचा मोठा क्लचर पण नको, हात डोक्यावरून मागे येतो तेव्हा मानेच्या वर बोटं त्याच्यावरच आदळतात. गजरा चालेल, पण खाली बांधलेला. चष्मेवाल्यांनी मागे दोरी लावावी, आमच्या एका दादांचा चष्मा आधीच एकदा उडाला आहे.

आणि हे पण लिहून ठेवते, अडकण्याचं खरं कारण बांगडी नव्हती. मी अंगठ्याने तिचा हात गच्च धरला होता. अंगठा बंद केला की तिचं मनगट माझ्या हातात फिरू शकत नाही, मग काहीतरी अडकणारच, बांगडी नसती तर मनगट मुरगळलं असतं. बोटं वाकवलेली, अंगठा उघडा, तिचा हात त्या वाटीत फिरत राहिला पाहिजे.

१९ जानेवारी, रविवार

आज मला वाटत होतं की झालं. जाऊबाईंबरोबर सलग आठ सोम्ब्रेरो, एकही चुकला नाही. लेकीने व्हिडिओ काढला, स्लो करून पाहिला, हात ७ ला बरोबर खांद्यावर.

मग मॅडमनी ‘दामे’ लावला.

पुढची पार्टनर कॉलेजवाली, तिची उंची ५ फूट ७, माझी ५ फूट २. माझा हात तिच्या कपाळावर थांबला. पुढची काकू, त्यांचा डावा हात वरच येईना. पुढची मैत्रीण, ती बुधवारपासून हात हलका ठेवते, इतका हलका की मला ती कुठे आहे ते कळेना. आठपैकी आठ जमलेलं माणूस तीन दामेत पूर्ण कोरं. बँकेतल्या ताईंचं तेच, दादांचं तेच. प्रत्येकाला आपापल्या जोडीत येत होतं.

चहा पिताना मला हे खूप लागलं, म्हणजे राग नाही, पण आपण दोन आठवडे चुकीची गोष्ट मोजून राहिलो असं वाटलं. जाऊबाई आणि मी एका घरात राहतो, पंधरा वर्षं एका ओट्यावर स्वयंपाक केला, त्यांचा खांदा कुठे वळणार ते मला न बघता कळतं. तो सोम्ब्रेरो आमच्या घरातला आहे. रुएदा वेगळी गोष्ट आहे, तिथे मी पुढच्या माणसाबरोबर ३ सेकंदांपूर्वी नव्हतेच.

म्हणून घरी येऊन वहीत तक्ता आखला. आडवे ६ लीडर, उभे ६ फॉलोअर, ३६ चौकोन. ज्या जोडीचा सोम्ब्रेरो सलग तीनदा न अडता होईल त्या चौकोनात टिकमार्क. आजचे टिकमार्क ७. त्यातले सहा प्रत्येकाच्या नेहमीच्या जोडीचे.

२२ जानेवारी, बुधवार

टिकमार्क ११. जास्त काही नाही. दोघे आले नाहीत.

२६ जानेवारी, रविवार

हॉलमध्ये झेंडावंदन आणि मुलांच्या स्पर्धा, त्यामुळे आम्हाला मिळाला नाही. सहा-सात जण अंबाझरी तलावावर गेलो, तिथे फिरायच्या रस्त्यावर फक्त पाय केले, गाणं फोनवर हळू आवाजात. लोक थांबून बघत होते, एका आजोबांनी नातवाला सांगितलं, “बघ, कवायत.” नंतर तर्री पोहे.

२ फेब्रुवारी, रविवार

आज गोलाची आखणी केली, हे आधीच करायला हवं होतं. दर दोन दामेनंतर आमचा गोल आक्रसतो, मग फिरणारीला जागाच नसते आणि तिचा कोपर शेजारच्या जोडीला लागतो. एका जोडीला सहा फूट धरले तर घेर ३६ फूट, म्हणजे व्यास साडेअकरा फूट. मध्ये खुर्चीचा पाय, त्याला सुतळी, सुतळीच्या टोकाला पावणेसहा फुटांवर खडू. फरशीवर गोल काढला. लीडरने दामेनंतर खडूच्या रेघेवर यायचं, आत नाही. फरक लगेच दिसला, एका तासात तीन नवे टिकमार्क.

आता काकूंबद्दल, कारण आजचा बाकी वेळ त्यांच्यावर गेला आणि मला तो नीट लिहायचाय.

काकूंना शुगर आहे आणि डावा खांदा दीड वर्षापासून आखडलेला आहे. वहिनींनी समजावलं की फ्रोझन शोल्डर साधारण चाळिशी ते साठीत होतो, बायकांमध्ये आणि शुगर असणाऱ्यांमध्ये जास्त, आणि सुटायला एक ते तीन वर्षं लागू शकतात, जबरदस्ती केली तर उलट दुखणं वाढतं. काकूंचा डावा हात कानाच्या पातळीपर्यंत येतो, त्याच्या वर नाही. सोम्ब्रेरोत नेमका डावाच हात लीडरच्या डोक्यावरून जातो.

काकू मागच्या दोन क्लासला गोलाच्या बाहेर बसल्या होत्या, म्हणाल्या, “तुम्ही करा, मी टाळ्या वाजवते.” कुणाला वाईट वाटू नये म्हणून हसून म्हणाल्या. मला ते बघवलं नाही. त्या जूनपासून एकही क्लास चुकल्या नाहीत, काका गेल्यानंतर घराबाहेर पडायला त्यांनी हाच एक वार ठेवला आहे, दोन वार.

पहिला उपाय, डावा हात सोडूनच द्यायचा आणि फक्त उजव्याने टोपी. चालतं, पण काकूंनाच आवडलं नाही. “अर्धीच टोपी,” म्हणाल्या. दुसरा उपाय, लीडरने गुडघे वाकवायचे. वाकलं की मोजणी मागे पडते आणि दिले के नोला, म्हणजे फिगर संपवून पार्टनरला परत समोर आणायच्या स्टेपला, उशीर. तिसरा वहिनींना सुचला. हात वर न्यायचाच नाही. काकूंचा हात जिथपर्यंत आरामात येतो, कानाजवळ, तिथेच राहू दे, आणि ५ ला लीडरने आपलं डोकं पुढे-खाली घेऊन त्या हाताखालून जायचं, जसं आपण दारातल्या तोरणाखालून जातो, आणि ६ ला सरळ. हात स्थिर, डोकं फिरतं. बाहेरून बघणाऱ्याला टोपी पूर्णच दिसते.

मी करून पाहिलं. पहिल्यांदा माझं डोकं त्यांच्या मनगटाला लागलं. दुसऱ्यांदा कान घासला. तिसऱ्यांदा गेलं. मी सरळ झाले तेव्हा काकूंचा डावा हात माझ्या मानेवर होता, त्यांचा उजवा हात माझ्या हातासकट त्यांच्याच खांद्यावर, आणि त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “दुखलं नाही गं.” मला काही बोलता आलं नाही, मॅडमनी गाणं बंद केलं होतं तरी आम्ही दिले के नो केला.

सहाही लीडरनी हे शिकायचं असं ठरलं. ज्याला काकूंबरोबर येत नाही त्याला सोम्ब्रेरो येत नाही, हे मी तक्त्याच्या वर लाल पेनाने लिहिलं.

टिकमार्क १८.

५ फेब्रुवारी, बुधवार

उंच पोरीचा प्रश्न पण सुटला, काकूंमुळेच. मी इतके दिवस माझा हात तिच्या डोक्यावरून न्यायला टाचा उचलत होते. आज तिला म्हटलं, तुझा हात तू ने, मी फक्त तुझ्या बोटांना धरून येते. तिने तिचा उजवा हात वेणीवरून फिरवावा तसा मागे नेला आणि माझा हात त्याच्याबरोबर गेला. म्हणजे हे हात कुणा एकाचे नाहीतच, जिला सोपं पडतं तिने न्यायचे. उंच बाईबरोबर तिने, बुटक्या बाईबरोबर मी.

मैत्रिणीला मात्र उलटं सांगावं लागलं, थोडा हात जड कर, झोपाळ्याची दोरी जितकी ताणलेली असते तितका. सैल दोरीवरून मला काहीच कळत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज मी मधली झाले, म्हणजे कॉल देणारी. हे स्वतंत्र काम आहे आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड.

कॉल आधीच्या आठमध्ये द्यायचा असतो. पुढच्या १ ला फिगर सुरू व्हायची तर आधीच्या १-२-३ लाच नाव कानावर पडलं पाहिजे, कारण ‘सोम्ब्रेरो’ उच्चारायलाच वेळ लागतो आणि ऐकून हात तयार करायला अजून. मी ५ ला म्हटलं की तीन जोड्या निघतात, तीन राहतात. नाचता नाचता पुढचं ठरवायचं, आत्ताचं करायचं, सगळ्यांकडे बघायचं.

त्यात लग्नसराई. बाहेरून दोन वराती गेल्या, बँड, मागे डीजे, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, माझा आवाज माझ्याच कानात येईना. तेव्हा मॅडमनी हाताची खूण शिकवली, ती मूळ रुएदातही असतेच, गाणं मोठं असलं की कॉलर हाताने दाखवतो. सोम्ब्रेरोची खूण म्हणजे डोक्यावरच्या टोपीला हात लावल्यासारखं करायचं. वरात जात होती आणि आम्ही बारा जण एकही शब्द न बोलता डोक्याला हात लावून नाचत होतो, आणि जमलं! आवाज असताना जितकं जमतं त्याच्यापेक्षा चांगलं, कारण खूण बघायची तर सगळ्यांना मान वर ठेवून मध्ये बघावं लागतं, आणि मान वर ठेवली की पायाकडे बघणं बंद होतं.

सोम्ब्रेरो शब्दाचं मूळ सोम्ब्रा आहे, सोम्ब्रा म्हणजे सावली. सावली देते ती टोपी. मे महिन्यात दुपारी डोक्याला दुपट्टा बांधून बर्डीच्या बाजारात जाणाऱ्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

टिकमार्क २५.

१२ फेब्रुवारी, बुधवार

एका गोष्टीचा त्रास झाला तो लिहिते. सोसायटीतल्या एकांनी दारात उभं राहून विचारलं की बायका बायका एकमेकींच्या गळ्यात हात टाकून काय नाच करता. बँकेतल्या ताई शांतपणे म्हणाल्या, “फुगडी खेळतो तेव्हा कोण असतं दादा समोर?” ते गेले. मला दिवसभर ते डोक्यात राहिलं. फुगडीत, झिम्म्यात, भुलाबाईत बायकांनी बायकांचेच हात धरले आहेत पिढ्यान् पिढ्या, आणि वजन कसं सांभाळायचं ते आम्ही तिथेच शिकलो. फुगडीत मागे झुकायचं ते समोरचीवर विश्वास असतो म्हणून. सोम्ब्रेरोत पण तेवढंच लागतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहिल्यांदा पूर्ण चक्कर. हिशोब असा: हात बदलायचं ग्वापेआ १ आठ, फिरणं आणि टोपी १, दिले के नो १, दामे १, एकूण ४ आठ. सहा जणींकडे जाऊन परत आपल्या जोडीपाशी यायला २४ आठ, म्हणजे १५० च्या गाण्यात ७७ सेकंद. सव्वा मिनिट. तेवढ्यात कुणीच चुकायचं नाही.

पाचव्या दामेला तुटलं. कारण पाहिलं तर फिगर नव्हती, टोपीनंतर हात सोडणं होतं. एका दादांनी खांद्यावरचा हात सोडलाच नाही, तिला घेऊनच वळायला लागले. टोपीनंतर पकड सुटली पाहिजे, हात खांद्यावरून पाठीवर घसरतो, तिचा माझ्या मानेवरचा हात आपोआप खाली येतो, आणि मग पाठीवरच्या हाताने दिले के नो. घसरू द्यायचा, सोडून द्यायचा नाही, यात फरक आहे. अर्धा तास फक्त तेच केलं, ५-६-७ टोपी, १ ला घसर.

संत्र्यांची पेटी आणली होती कुणीतरी काटोलहून, मृग बहाराची, ती संपली.

२३ फेब्रुवारी, रविवार

टिकमार्क ३५. दोन चकरा सलग झाल्या. उन्हं तापायला लागली, आज पंखे पूर्ण फिरवले आणि खडूची रेघ घामाने पुसून राहिली, दोनदा काढावी लागली.

रिकामा चौकोन एकच, चष्मेवाले दादा आणि काकू. दादा ६ फूट. हाताखालून डोकं न्यायला त्यांना इतकं वाकावं लागतं की ते ७ पर्यंत वरच येत नाहीत. दोघंही नाराज नाहीत, दोघंही थकले नाहीत, पण होत नाही.

२ मार्च, रविवार

गाणं साडेचार मिनिटांचं, १६० च्या आसपास. मॅडम स्वतः मध्ये. काकू पांढऱ्या सलवार-कुर्त्यात, केस घट्ट, गजरा खाली.

पहिली चक्कर बरोबर. माझं लक्ष दर दामेला फक्त पुढच्या हाताकडे होतं, जाऊबाईंचा ओळखीचा, मग उंच पोरीचा लांब बोटांचा, मग काकूंचा, थोडा गार, तिथे मी ५ ला डोकं घातलं आणि तोरणाखालून निघाले. मग मैत्रीण, हात आता दोरीसारखा. चौथ्या मिनिटाला मॅडमनी बोलणंच बंद केलं आणि फक्त खुणा केल्या.

दुसऱ्या चकरेत चष्मेवाले दादा काकूंपाशी आले. मी माझ्या जागेवरून बघू नको म्हणत असताना बघितलं. दादा वाकलेच नाहीत. त्यांनी १ ला नेहमीपेक्षा मोठं पाऊल मागे टाकलं, इतकं मोठं की काकूंना चालायला पूर्ण रस्ता मिळाला, आणि ५ ला त्यांनी उजवा पाय बाजूला लांब टाकला, पाय फाकल्यामुळे उंची आपोआप कमी झाली, डोकं फक्त जरा कलतं केलं आणि काकूंचा हात त्यांच्या मानेवर. ७ ला दोघं सरळ. मला कुणी सांगितलं नव्हतं की त्यांनी घरी याची प्रॅक्टिस केली, नंतर कळलं दाराच्या कडीला दुपट्टा बांधून आठवडाभर केली.

गाणं संपलं तेव्हा गोल खडूच्या रेघेवरच होता.

नियमाप्रमाणे टिकमार्कला सलग तीनदा लागतं. सगळे पाणी प्यायला गेले, काकू दादांना म्हणाल्या, “ये रे बाबू, अजून दोनदा राहिलं.” गाण्याशिवाय केलं, मी आठ मोजले. दोनदा झालं, वही मागवली, पेन काकूंनी घेतलं.

पुढचा क्लास ५ मार्च. सोम्ब्रेरो दोब्ले, म्हणजे दुहेरी सोम्ब्रेरो, सुरू करायचाय, ओढण्या मी आणते, खडू कुणीतरी आणा, आमचा संपला.